शकूचे तीन केसपेपर

सोमवार, ४ फेब्रुवारी १९८५

ओपीडी संपल्यावर प्रधान सरांनी बोलावलं तेव्हा वाटलं, परवा खिडकीवरच्या कारकुनाशी भांडले त्याबद्दल बोलणी खावी लागणार. तसं काही नव्हतं. सर मुलांच्या विभागाचे मुख्य. सहा महिने विलायतेत राहून आले आणि तिथे त्यांनी एक पद्धत पाहिली. मूल पडून लागलंय की कुणी मारून, हे तिथे डॉक्टर, नर्स, पोलीस सगळे मिळून शोधतात. आपल्याकडे मूल येतं, मलमपट्टी होते, घरी जातं. दुसऱ्यांदा आलं तर ते आधी येऊन गेलंय हे कुणाला माहीतही नसतं. "सिस्टर, हे सगळं कुणा एकाने जोडायला हवं. तुम्ही कराल?"

मीच का, असं विचारलं. "तुम्हाला चौकश्या करायची सवय आहे," म्हणाले. हे कौतुक होतं की टोमणा ते अजून कळलेलं नाही. एक जाड वही दिली आणि एक अट घातली. केसबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. त्यासाठी नेमलेल्या समितीत सर, मेट्रन, चौकीचे एक हवालदार आणि मी. वॉर्डातल्या कामवाल्या आयांना तर मुळीच सांगायचं नाही, कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे मेट्रनचं म्हणणं, आणि मीही मान हलवली.

घरी नवऱ्याला, बळवंतला, सांगितलं तर हसत सुटला. "म्हणजे भोचकपणाचा पगार मिळणार आता." हसू दे. मला फार उत्सुकता लागली आहे. रोज दोनशे पोरं समोरून जातात. त्यातलं कोणतं घरी जायला घाबरतं, हे बारा वर्षांत मी कधी पाहिलंच नव्हतं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

मुलांना किती तऱ्हांनी लागतं. स्टोव्हचा भडका, माळ्याच्या शिडीवरून पडणं, नाकात चिंचोका, बोटावर पाटा. एका बाईने पोराच्या भाजलेल्या हातावर दौतभर शाई ओतून आणली होती. तिला मी असं झापलं की सगळी रांग गप्प झाली. सखूबाई, आमची ओपीडीतली जुनी आया, फडकं पिळता पिळता म्हणाली, "शिष्टर, जरा हळू. पुढची बाई खरं सांगायची नाय." मी म्हटलं, तू तुझं काम कर.

वहीत काय लिहायचं हाच मोठा प्रश्न आहे. रांगेत एका आईने पोराला सणसणीत ठेवून दिली. मी लिहिलं, मग खोडलं. फटक्यांची नोंद करायची तर सुरुवात माझ्या घरापासून करावी लागेल. परवाच माझ्या पोराला, चंदरला, सतराचा पाढा येईना म्हणून मी पट्टीने मारलं. ते इथे लिहिते आहे, त्या वहीत नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज खरी केस सापडली असं वाटतंय.

रविवारी अपघात विभागात आलेली मुलगी आज ड्रेसिंगला आली. शकू, वय पाच, वडील धोंडिराम, राहणार डोंगरावर पाण्याच्या टाकीमागे. बेंबीभोवती गोल गोल जखमा, एकेक बोराच्या बीएवढी. काही ताज्या, फुगून चिघळलेल्या. काही जुन्या आणि काळ्या पडलेल्या. अपघात विभागातला डॉक्टर या मुलखात नवीन आहे. त्याने कागदावर पाच वर्तुळं काढून 'भाजलं' एवढंच लिहिलं आणि मलम देऊन पाठवलं. सरांनी आणलेल्या पुस्तकात अशा जखमांचा फोटो मी पाहिला आहे. त्याखाली लिहिलंय, सिगारेट विझवल्याच्या.

आईचं नाव शांताबाई. सुकलेली, डोळे खाली. कशाने भाजलं विचारलं तर म्हणते, "तव्यावर पडली." तव्यावर पडून बेंबीभोवती ठिपके कसे उठतात, विचारलं. तिने मुलीचा फ्रॉक खाली ओढला. मग हळूच, "तिचं पोट दुखतंय बाई, ते तरी बघा ना." विषय बदलण्यात हुशार दिसते.

शकू रडली नाही. माझ्या छातीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे उलटं का लावलंय?" मला दिसावं म्हणून, असं सांगितलं. "मग आमाला कसं दिसनार?"  पोर चुणचुणीत आहे.

वहीत पहिल्या ओळीत लिहिलं: सिगारेट किंवा विडीचे चटके, घरातल्या माणसाकडून.

शनिवार, १६ फेब्रुवारी

चार दिवस रोज दुपारी रेकॉर्डच्या खोलीत धूळ खाल्ली.

आमच्याकडे खिडकीवर दोन रांगा असतात. नवा पेपर आणि जुना पेपर. जुन्यासाठी कागद शोधून काढावा लागतो, म्हणून ती रांग जिन्यापर्यंत जाते. शहाणी माणसं 'नवीन आहे' म्हणतात आणि लहान रांगेत उभी राहतात. त्यात मुलांची युनिटं तीन, त्यांचे वार वेगळे, डॉक्टर वेगळे. एकच मूल तीन वेगळ्या वारी आलं तर आमच्या लेखी ती तीन मुलं होतात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पण त्याचं काय होतं ते आज दिसलं. कारण पाण्याच्या टाकीमागच्या शकूचे तीन केसपेपर सापडले.

सोमवार, १० डिसेंबर. शकू, वय पाच, पोटदुखी, वजन तेरा किलो. जंताचं औषध दिलं.

मंगळवार, ८ जानेवारी. शकुंतला, वय साडेचार, पोटदुखी, जेवत नाही, वजन बारा किलो. पोटावर डाग. जंताचं औषध दिलं.

बुधवार, ३० जानेवारी. शकू, वय पाच, पोटदुखी, वजन अकरा किलो. पोटावर जुने डाग. जंताचं औषध दिलं.

डाग दोन कागदांवर आहेत. दोन डॉक्टरांनी पाहिले आणि दोघांनीही विचारलं नाही की हे कुणी केलं. मला इतका आनंद झाला की त्या खोलीत मी एकटीच हसले. नंतर लाज वाटली. पण आनंद झाला हे खरं.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

डोंगरावर जाऊन आले. चढून चढून दम लागला. घर नीटनेटकं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, भांडी लखलखीत. आमच्या मुलुंडच्या घरी आहे तसंच. अशा घरात असं होतं याचं वाईट वाटलं.

धोंडिराम आग्रा रोडवरच्या रंगाच्या कारखान्यात कामाला आहे, आज पाळी नव्हती. दारात बसून विडी ओढत होता. मी त्याच्या बोटांकडेच बघत होते. तो उठून उभा राहिला, विडी विझवली, मला स्टूल दिलं. शकू भिंतीकडे तोंड करून निजली होती. भरदुपारी, आणि बाहेर पोरं खेळत असताना. मी मनात नोंद केली की मूल घाबरलेलं आहे.

शांताबाई सारखी तेच ते बोलत होती. "सांजच्याला अंग तापतं हिचं. भाकर चिवडते न् ठेवून देते." मी म्हटलं, ते सगळं बघू, उद्या तिला घेऊन या, भरती करू. तिचा चेहरा एकदम उजळला. "खरंच भरती करता?" मला नवल वाटलं. जिच्या घरात असं चाललंय ती एवढी खूश का होईल? की तिलाच नवऱ्यापासून सुटका हवी आहे? सरांना हे सांगायला हवं.

बुधवार, २० फेब्रुवारी

शकूला भरती केलं. वजन साडेदहा. समिती पहिल्यांदा बसली. सरांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ठरलं ते असं: आईला फक्त भेटीच्या वेळी, चार ते सहा, आत सोडायचं. धोंडिरामला चौकीवर बोलावून विचारायचं. आठवड्यात बालन्यायालयाला पत्र द्यायचं आणि मुलीला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं.

शांताबाईला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिला वाटलं होतं, तिलाही वॉर्डात राहता येईल. तिने गाठोडं आणलं होतं. आधी तिला समजेचना. मग म्हणाली, "म्हंजे पोरगी माझी न् मीच भायेर?" शिपायाने तिला दारापर्यंत नेलं.

संध्याकाळी सखूबाई शकूचं अंग पुसत होती. मला बघून म्हणाली, "शिष्टर, एक बोलू का?" मी म्हटलं, या मुलीबद्दल असेल तर नको. नियम म्हणजे नियम. तिने फडकं बादलीत टाकलं आणि निघून गेली.

शनिवार, २३ फेब्रुवारी

धोंडिराम दोन दिवस चौकीच्या बाकावर बसून आहे. कबूल करत नाही. हवालदार म्हणतात, "माणूस रडतो नुसता, सिस्टर." मला जरा अस्वस्थ वाटलं.

शकू जेवत नाही. संध्याकाळी ताप शंभरच्या वर. आईची आठवण येत असणार, दुसरं काय. चार वाजायच्या आधीच दाराकडे बघत बसते. मार खाणारं मूल आईबापाची इतकी वाट बघेल? सरांना विचारलं तर म्हणाले, मुलं मारणाऱ्याचीही वाट बघतात. ते खरं असेल. मी चंदरला पट्टी मारते, तरी तो मी येईपर्यंत जेवत नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

न्यायालयाच्या पत्राला जोडायला सरांनी तिन्ही पेपर एका कागदावर उतरवून मागितले. दुपारी मोठा कागद घेतला आणि रकाने आखले. तारीख, तक्रार, डाग, वजन, औषध. मला फक्त डागांचा रकाना हवा होता, बाकीचे आपले पद्धत म्हणून.

वजन लिहिता लिहिता हात थांबला. तेरा. खाली बारा. खाली अकरा. खाली, माझ्याच हातचं, साडेदहा.

तक्रारीचा रकाना वाचला. पोटदुखी, पोटदुखी, पोटदुखी. औषधाचा वाचला. जंत, जंत, जंत. प्रत्येक डॉक्टरने तिला पहिल्यांदाच पाहिलं होतं आणि पहिल्यांदा जे देतात ते दिलं होतं. पण मी तर चौघींना, म्हणजे एकीलाच चार वेळा, पाहत होते. नऊ दिवस हे आकडे या डायरीत पडून आहेत. मीच लिहिलेत.

उठले आणि सखूबाईला शोधलं. ती धुण्याच्या मोरीपाशी होती. म्हटलं, त्या दिवशी काय सांगणार होतीस?

"बिब्बा हाय तो," ती म्हणाली. "सुईला टोचून दिव्यावर धरतात, तेल सुटलं की बेंबीभवती ठिपके देतात. पोटदुखीवर. गावाकडं सगळे करतात. हिला उतलाय, म्हणून फोड आले."

"तुला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. पुसतानाच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलू का म्हणून इचारलं. तुमीच नाय म्हणालात."

मी तशीच सरांकडे गेले. कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि बिब्ब्याचं सांगितलं. सरांनी वजनाच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. मग म्हणाले, "मी बिब्बा पुस्तकात वाचलाय, अंगावर पाहिलेला नाही. आणि तुमच्या पहिल्याच ओळीत विडी लिहिलं होतं. मी तीच वाचत राहिलो." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. लगेच एक्स-रे आणि हातावरची चाचणी सांगितली.

बुधवार, २७ फेब्रुवारी

पोटाचा टी.बी. आहे. डिसेंबरात कळला असता. सर म्हणतात, अजून हातचं गेलेलं नाही, पण दोन महिने रोज सुई आणि पुढे वर्षभर गोळ्या, एकही दिवस चुकता कामा नये. पत्र थांबवलं. धोंडिरामला सोडलं. सुई आजच सुरू केली.

शांताबाईला मी दाराबाहेर घेऊन माफी मागितली. नीट नाही मागितली, घाईत, इकडेतिकडे बघत. तव्याचं खोटं का सांगितलं, असंही विचारलं. काय गरज होती?

ती म्हणाली, "शाईवालीला झापलंत ना, तवा मी मागंच होते रांगेत. पोट दाखवायलाच आले होते. म्हटलं, डाग दिसले की मला पन असंच बोलतील. घरी गेले. पोरगी कळवळायला लागली, म्हून रविवारी परत बिब्बा लावला. तो उतला."

मग तिने विचारलं, "नव्या रांगेत उभी ऱ्हायले, ते चुकलं का माझं?"

मी म्हटलं, नाही.  घरी येऊन जेवले नाही. बळवंतने चेष्टा केली नाही.

सोमवार, ४ मार्च

शकू पळाली. म्हणजे आई तिला घेऊन गेली, शनिवारी भेटीच्या वेळात.

दोष माझा. पत्र थांबवलं, पण चौकीला कळवायचं माझ्याकडून राहून गेलं. हवालदार बिचारे आपलं काम म्हणून शुक्रवारी डोंगरावर गेले आणि मुलीला न्यायालयात हजर करायचं आहे असं सांगून आले. सगळ्यांना जोडायचं काम जिच्याकडे, तिनेच एक दोरा सोडला.

घराला कुलूप आहे. शेजारीण दारातूनच म्हणाली, "डोंगरीच्या रिमांड होमात टाकणार होतात ना पोरीला? मग कशाला थांबतील?" दोन दिवस सुई नाही. आजार अशानेच वर येतो.

शनिवार, ९ मार्च

पाच दिवस मुलुंड, अंधेरी, बोरीवली, सगळीकडच्या दवाखान्यांना फोन केले, जिथे फोन लागला नाही तिथे कार्ड टाकलं. पाच वर्षांची मुलगी, बेंबीभोवती काळे ठिपके, रागवू नका, पोलिसांचं नाव काढू नका, फक्त मला कळवा. सरांनीही फोन फिरवले. त्यांना इतक्या नम्रपणे बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आज गोरेगावच्या दवाखान्यातून तिथल्या सिस्टरचा फोन आला. एक बाई खिडकीशी येऊन विचारून गेली, कागद न करता सुई देता का. मुलगी कडेवर होती. दिंडोशीला दिराकडे राहते म्हणाली.

रविवार, १० मार्च

सखूबाईला म्हटलं, माझ्याबरोबर चल. सुट्टीचा दिवस, पण तिने विचारलंसुद्धा नाही कशाला.

दिराचं नाव दादू. दारात आम्हाला बघून शांताबाईने शकूला मागे ढकललं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सखूबाई उंबऱ्यावर बसली आणि पाणी मागितलं. मग इकडच्यातिकडच्या गोष्टी. गाव कुठलं, सासू कशी आहे, बिब्बा किती दिवसांपूर्वी लावला. तिला एवढ्या चौकश्या करता येतात हे मला माहीतच नव्हतं, आणि तिच्या चौकश्यांना लोक उत्तरं देतात.

न्यायालयाला द्यायचं पत्र मी बरोबर नेलं होतं, सरांनी त्यावर आडवी रेघ मारून रद्द लिहून सही केली होती. दादूने ते मोठ्याने वाचलं, दोनदा. मी शांताबाईला म्हटलं, माझं चुकलं. डोंगरावर आले तेव्हा तुम्ही ताप सांगत होता आणि मी विडी बघत होते. हे या वेळी तिच्याकडे बघून म्हटलं.

तिने मागच्या शकूचा फ्रॉक मुठीत धरला. मग म्हणाली, "येईन. रोज येईन. पन पोरगी माझ्या हातातून सुटनार नाय."

मंगळवार, २६ मार्च

रोज नऊच्या ठोक्याला येते. एका हाताने शकूचा फ्रॉक घट्ट धरते, मी सुई देते, तेव्हाही सोडत नाही. वजन करताना मूल काट्यावर आणि फ्रॉकची कड आईच्या मुठीत, त्यामुळे पाव किलोची चूक होते. मी काही बोलत नाही. सुई झाली की विचारते, "जाऊ?" मी म्हणते, जा. आज सोळावी वेळ. दर वेळी ती विचारते.

सखूबाई आता समितीत बसते. मेट्रनने नाक मुरडलं. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पण तिने अशा दोन मुलांची नावं सांगितली जी माझ्या वहीत नव्हती. त्यातलं एक खरंच मार खाणारं निघालं. तिन्ही युनिटं मुलांसाठी एकच पेपर ठेवणार असंही ठरलं आहे. खिडकीवरचा कारकून म्हणतो, जमणार नाही. बघू.

गुरुवार, २ मे

शकूची आज शेवटची सुई. उद्यापासून गोळ्या, महिन्यातून एकदाच यायचं. ताप नाही, भाकरी पुरती खाते, येताना जिना स्वतः चढून येते.

सुई देऊन मी कापूस दाबून धरला होता. शांताबाई म्हणाली, "शिष्टर, हिला घ्या जरा. मी नळावर पानी पिऊन येते." आणि फ्रॉक सोडून चालू लागली.

शकूला कडेवर घेतलं. जड लागली. नळ जिन्याच्या पलीकडे आहे, ड्रेसिंगच्या खोलीतून दिसत नाही. मी तिला घेऊन दाराबाहेर चार पावलं आले आणि जिथून आईला ती दिसेल अशा ठिकाणी उभी राहिले. शांताबाई ओंजळीने पाणी प्यायली, तिने तोंड धुतलं, पदराने पुसलं, ओळखीच्या कुणा बाईशी दोन शब्द बोलली. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.